सप्लाय चेन, शेड्युलिंग ऑप्टिमायझेशनवर लोक पीएचडी करतात त्याचा खऱ्या जगात काही उपयोग होतो का, की नुसते पेपर छापायला असतं हे सगळं?

उपयोग होतो. पण ते शेवटचं 'पेपर छापायला' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझी पीएचडी याच विषयात आहे. घर यावल तालुक्यातलं, काका केळीचे व्यापारी. दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आलो तेव्हा त्यांचा एक्स्पोर्टचा माल निघत होता. कापणीची टोळी एकच, पॅकहाऊस एकच, अन् त्या दिवशी बागा तीन. मोठीला कापायला ५ तास पण पॅकिंग २च तास, कारण तिचा बराच माल लोकलला जाणार. मधलीला ३ अन् ३. लहानीला कापायला २, पण सगळा माल एक्स्पोर्टचा, फण्या करून, तुरटीच्या पाण्यात धुऊन खोक्यात भरायला ४. काकांची पद्धत म्हणजे मोठी बाग आधी, मग मधली, मग लहान. सकाळी सहाला टोळी लागली, पॅकहाऊसमधल्या बाया अकरापर्यंत नुसत्या बसून, अन् शेवटचं खोकं भरलं रात्री नऊला, कंटेनरचा ड्रायव्हर तोवर तीनदा भांडून गेलेला.

मी काट्याच्या पावतीमागे गणित मांडलं. जॉन्सनचा नियम, १९५४चा, दोन टप्प्यांतली कामं कुठल्या क्रमाने घ्यायची ते सांगणारा. सगळ्यात छोटा आकडा बघायचा, तो कापणीचा असला तर ती बाग पहिली, पॅकिंगचा असला तर शेवटी, उरलेल्यांत परत तेच. म्हणजे लहान, मधली, मोठी. तेवढीच माणसं, तेवढंच काम, अन् संध्याकाळी सहाला मोकळे. काकांनी पावती उलटसुलट करून पाहिली अन् म्हणे, "अन् याहीले काय सांगू, गणितानं तुमचा नंबर शेवटी लावला म्हणून?" मोठी बाग त्यांच्या व्याह्यांची होती!

मला हे भारी वाटलं, खरा कन्स्ट्रेंट, म्हणजे गणितात न दिसणारी खरी अडचण, सापडला ना. गाईडला सांगितलं तर ते म्हणाले यात नवीन काय, बेंचमार्कवर काम करा. बेंचमार्क म्हणजे सगळे आपापली पद्धत ज्यावर तपासून बघतात तो ठरलेला नमुना, जसा फिशर-थॉम्पसनचा १९६३चा १० मशीन १० कामांचा प्रॉब्लेम, ज्याचं ९३० हे उत्तर (सगळी कामं संपायला लागणारा एकूण वेळ) सर्वोत्तम आहे हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. अहो, तो सुटलेला होता! माझी तीन वर्षं तसल्याच आकड्यांवर गेली, थिसिसमध्ये केळीचं एक पान नाही. सर वाचत असतील तर वाचू द्या, मी आजही म्हणतो व्याह्यांची बाग हाच थिसिस होता.

म्हणून तुम्ही करणार असाल तर विषय नंतर बघा, आधी गाईड कधी गोडाऊनात, शेडवर उभा राहिलाय का ते विचारा. नसेल तर सोडा.

हां, एक राहिलं. जॉन्सनचा नियम दोनच टप्प्यांना असा सरळ चालतो, तिसरा टप्पा आला की सर्वसाधारणपणे प्रॉब्लेम खरोखर अवघड होतो, तिथे ते बेंचमार्कवाले लोकच कामाला येतात, हे कबूल करावं लागेल. अन् पाऊस झाला, ट्रॅक्टर बागेत फसला तर कुठलंच शेड्युल टिकत नाही.

काका आता लहान बाग आधी काढतात. व्याह्यांना सांगितलंय, तुमचा माल शेवटी काढला म्हणजे कंटेनरात ताजा जातो.