वाचकांचे प्रश्न : नदीतले जहाज वाट कशी काढते?

प्रश्न : समुद्रात चहूकडे पाणीच असल्यामुळे जहाजाला उपग्रहांची मदत लागते, हे समजते, परंतु नदीत दोन्ही काठ डोळ्यांसमोर असताना मालवाहू जहाजांवर एवढी उपकरणे कशासाठी बसवतात?

उत्तर : नदीत ‘आपण कुठे आहोत’ हा प्रश्न कप्तानाला सहसा पडत नाही, एवढ्यापुरती आपली शंका रास्त आहे. त्याची खरी काळजी वेगळी असते : तळाखाली पाणी किती उरले आहे आणि वळणाआड दडलेले जहाज कोणत्या बाजूने येणार आहे.

यांपैकी पाण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. पूर ओसरला की वाळूचे पट्टे जागा बदलतात, आणि गेल्या वर्षीचा छापील नकाशा यंदा फसवा ठरतो. म्हणून आता नद्यांसाठीही इलेक्ट्रॉनिक नकाशे तयार होतात; मिसिसिपीसारख्या अमेरिकी नद्यांचे असे नकाशे तेथील लष्कराचे अभियंता दल तयार करते. मात्र नकाशातल्या खोलीला जलमापन केंद्रावरील त्या दिवशीच्या पातळीची जोड द्यावीच लागते. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. ऱ्हाईन नदीवर जर्मनीतील काउब येथील पाण्याची मोजपट्टी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये 25 सेंटिमीटरपर्यंत उतरली, तेव्हा नदीत गुडघाभरही पाणी उरले नाही असे अनेकांना वाटले. वस्तुतः मोजपट्टीचा शून्य हा नदीचा तळ नव्हे. त्या वेळीही जहाजांच्या मार्गात सव्वा मीटरहून अधिक पाणी होते आणि जहाजे थोडाच माल घेऊन का होईना, ये-जा करत होती.

खोलीच्या अचूक माहितीचा व्यापाराशी थेट संबंध कसा येतो, हे साध्या गणिताने कळेल. ऱ्हाईनवरचे मोठे जहाज सुमारे 110 मीटर लांब आणि साडेअकरा मीटर रुंद असते. ते केवळ 10 सेंटिमीटर अधिक बुडू दिले, तर त्यात शंभराहून अधिक टन माल जास्त मावतो. खोलीबद्दल खात्री नसलेला कप्तान साहजिकच हात राखून माल भरतो, आणि तेवढी जागा प्रत्येक फेरीत रिकामी जाते. यावर सुचलेला एक उपाय मला विशेष पसंत आहे : जहाजाच्या तळाशी बसवलेले ध्वनिमापक खोली मोजतच असते, तेव्हा अनेक जहाजांची ही मोजमापे आपोआप गोळा करून मागून येणाऱ्यांना द्यायची. म्हणजे जाणारे प्रत्येक जहाजच नदीची पाहणी करत जाते.

वेगाचाही येथे संबंध आहे. उथळ पाण्यात वेगाने जाणाऱ्या जहाजाखालून पाणी जोरात मागे सरते, तेथील दाब घटतो आणि जहाज खाली ओढले जाते. ही ओढ साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग निम्मा केला की ती सुमारे एक चतुर्थांशावर येते. त्यामुळे तळ घासण्याचा धोका असेल, तर सर्वांत सोपा उपाय बहुधा कप्तानाच्या हाताशीच असतो.

आता वळणाबद्दल. ऱ्हाईनवर समोरासमोर आलेल्या जहाजांनी कोणत्या बाजूने एकमेकांना ओलांडायचे, हे प्रवाहाविरुद्ध चढणारे जहाज ठरवते, कारण वळणाच्या आतल्या बाजूचे संथ पाणी त्याला हवे असते. नेहमीच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजू समोरासमोर ठेवून जायचे असेल, तर ते फिकट निळा फलक आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवते, आणि उतरणारे जहाज तीच खूण करून होकार देते. ही पद्धत उत्तम आहे. फक्त फलक दिसला पाहिजे. नदीसाठीच्या ‘एआयएस’ म्हणजे जहाजांची आपोआप ओळख पटवणाऱ्या यंत्रणेत जहाजाचे नाव, जागा, वेग आणि लांबी यांच्याबरोबर या निळ्या फलकाची स्थितीही रेडिओवरून प्रसारित होते, त्यामुळे टेकडीआडच्या जहाजाचा इरादा आधीच कळतो. ऱ्हाईनवर डिसेंबर 2014 पासून ही यंत्रणा सक्तीची आहे.

प्रश्न : असे असेल तर रडारची गरज संपली का?

उत्तर : मुळीच नाही. एआयएसवर तेच दिसते, जे स्वतःहून आपली माहिती प्रसारित करते. ऱ्हाईनवर 20 मीटरपेक्षा लहान नौकांना सर्वसाधारणपणे या सक्तीतून सूट आहे, आणि तरंगत आलेला ओंडका कोणताही संदेश पाठवत नाही. शिवाय आदळण्यासाठी दुसरे जहाजच लागते असेही नाही : 29 डिसेंबर 2016 रोजी नेदरलँड्समध्ये दाट धुक्यात बेंझिन वाहून नेणारे एक जहाज म्यूझ नदीवरील ग्राव्ह येथील बंधाऱ्यावर आदळले, बंधारा मोडला आणि वरच्या बाजूची पाण्याची पातळी इतकी उतरली की तरंगती घरे चिखलात टेकली.

रडारही भाबड्या विश्वासाने वापरायचे साधन नाही. नदीवरून जाणारी विजेची तार रडारवर रेषेसारखी दिसत नाही. किरण तारेवर काटकोनात पडतात त्या एकाच जागेवरून प्रतिध्वनी परततो, आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. आपण वळलो की तो ठिपकाही सरकतो, पण दिशा सोडत नाही. जणू एखादी बोट हट्टाने आपल्यावर चालून येत आहे. अशा वेळी नकाशावरील तारेची खूण, रडारवरील ठिपका आणि एआयएसची माहिती एकाच पडद्यावर एकमेकांशी ताडून पाहता आली, तर भुताटकी लगेच उघडी पडते.

प्रश्न : या साधनांनी इंधन खरोखर वाचते का?

उत्तर : वाचू शकते. इंजिनाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग 10 टक्के कमी केल्यास तेवढ्याच अंतराला सुमारे 19 टक्के इंधन कमी लागते. पुढच्या लॉकमध्ये, म्हणजे जहाजांना वेगळ्या पातळीच्या पाण्यात चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या हौदात, आपला क्रमांक केव्हा लागेल हे आधी समजले, तर घाईने पोहोचून दारात तिष्ठत बसण्याऐवजी कप्तान वाटेतच वेग उतरवू शकतो. अडचण यंत्रात नसून नियमात आहे. जेथे आधी पोहोचणाऱ्यालाच आधी प्रवेश मिळतो, तेथे सावकाश येणाऱ्याचा क्रमांक जातो. म्हणून लॉकच्या व्यवस्थापकाने दिलेली वेळ बंधनकारक मानली, तरच ही बचत कप्तानाच्या पदरात पडते.