बाबा ऐकतच नाहीत!

"मॅडम, बाबा ऐकतच नाहीत." कधी बाबांच्या जागी आई असते, कधी सासूबाई. गोळ्या चुकवतात, पथ्य पाळत नाहीत, विचारलं की चिडतात. इथे इंदूरला समुपदेशनाच्या कामात पन्नाशीच्या आसपासच्या मुलांकडून आणि सुनांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "त्यांच्या भल्यासाठीच सांगतो ना आम्ही!"

भल्यासाठीच सांगता, यात शंका नाही. पण ही तक्रार फक्त तुमच्या घरची नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली. तिचा अहवाल 2021 मध्ये आला. साठीपुढच्या कोट्यवधी लोकांना कुठला ना कुठला जुनाट आजार आहे, असं त्यात दिसलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्येच सांगून ठेवलंय, की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. निम्मं जग हट्टी आहे असं मानायचं, की यामागे काही कारण असेल असं? मी दुसऱ्या मताची आहे. ते कसं, हे एका घराच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

लोकमान्यनगरातलं कुटुंब. काका शहात्तरचे, विद्युत मंडळातून निवृत्त. बीपी, शुगर आणि आता हृदयाचं पंपिंग कमी झालेलं. पायांना सूज आणि दम, यामुळे एकदा अ‍ॅडमिट करावं लागलेलं. तेव्हापासून रोज दोन वेळा पाण्याची गोळी, म्हणजे अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी, सकाळी आठला आणि दुपारी चारला. आधी मुलगा एकटाच आला. बोलताना सारखा मोबाइल उलटासुलटा करत होता.

"दुपारी ऑफिसातून फोन करतो. म्हणतात, घेतली. संध्याकाळी बघतो तर गोळी डब्यात तशीच. परवा एक तर तुळशीच्या कुंडीत सापडली!"

"मग काय करता?"

"ओरडतो. मग रात्रभर झोप लागत नाही."

"कशाची भीती वाटते?"

तो बराच वेळ गप्प होता. "पुन्हा अ‍ॅडमिट करायची वेळ आली, तर सगळे म्हणतील, मुलगा घरात असून लक्ष नाही."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे भावनेमागचा हट्टी विचार आधी तपासणारी. वडिलांनी औषध घ्यावं ही त्याची इच्छा रास्त होती. पण तिचा हुकूम झाला होता, आणि हुकूम मोडला की तो स्वतःलाच नालायक ठरवत होता. रागाच्या आत भीती होती. ती कमी झाल्याशिवाय त्याला वडिलांचं काही ऐकू येणार नव्हतं. आमचा बराच काळ यातच गेला, आणि ते गरजेचंही होतं. घरच्यांना आधी वडिलांना सुधारायचं असतं. मी आधी घरच्यांनाच समोर बसवते.

मग मी त्याला एक काम दिलं. दोन आठवडे ओरडायचं नाही, आठवण करायची नाही. सुनेने फक्त कालनिर्णयवर लिहायचं, कुठल्या दिवशी कुठली गोळी राहिली.

तो कागद मी अजून लोकांना उदाहरण म्हणून सांगते. सकाळच्या गोळ्या एकही दिवस चुकल्या नव्हत्या. शुगरची, बीपीची, सगळ्या वेळच्या वेळी. राहिली होती ती फक्त चारची पाण्याची गोळी, तीही दोन्ही गुरुवारी, दोन्ही शनिवारी आणि मधल्या एका रविवारी. एवढं शिस्तशीर विसरणं मी तरी पाहिलेलं नाही.

पुढच्या वेळी काका आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बसल्या बसल्या म्हणाले, "मुलाने तक्रार केली असेल. बोला."

"काका, गोळीचं राहू द्या. गुरुवारी काय असतं?"

"गुरुवारी दत्तमंदिर. आरती, मग भजन."

"शनिवारी?"

"आमची म्हातारमंडळी जमते बागेत. पोहे, चहा, राजकारण." थोडे हसले.

"आणि तो रविवार?"

हसू गेलं. "नाटक होतं."

मी काहीच विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच आमच्या कामातलं खरं कौशल्य, असं माझं मत आहे. मग ते मुलाकडे न बघता बोलू लागले. मागे एकदा चारची गोळी घेऊन नाटकाला गेले होते. खुर्ची रांगेच्या मधोमध. दुसऱ्या अंकात घाई लागली, पण दहा जणांना उठवायचं कसं? धरून बसले, आणि धरवलं नाही. स्वेटर कमरेला बांधून अंधारातच बाहेर पडले. रात्री घरी येऊन पँट स्वतः धुतली.

"सूनबाईने विचारलं, बाबा, आत्ता कशाला धुताय? म्हटलं, चहा सांडला."

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "बाबा, हे मला का नाही सांगितलं?"

"तू विचारतोस काय? 'गोळी घेतली का?' घेतली म्हटलं, की तुझा फोन बंद."

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतकं नेमकं वाक्य मला क्वचितच सापडलंय. मुलगा रडला. काकांनी खिशातला रुमाल काढून त्याच्यासमोर धरला आणि म्हणाले, "अरे, दम लागतो तेव्हा मलाही भीती वाटते. पण भजन सोडून नुसतं जगून काय करू?"

पुढचं सोपं होतं. पाण्याच्या गोळीचा जोर साधारण तासाभरात सुरू होतो आणि सहा तासांच्या आसपास टिकतो. चारला घेतली, की ऐन आरतीच्या वेळी पळापळ होणारच. हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाने फोन केला. डॉक्टरांनी तपासून बाहेर जायच्या दिवशी ती गोळी दुपारी बाराच्या आत घ्यायला सांगितली, आणि रोज सकाळी शौचाहून आल्यावर, नाश्त्याआधी वजन करायला. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर लगेच कळवायचं, म्हणजे पाणी साठतंय. नाटकाला कडेची खुर्ची, हे काकांनीच ठरवलं. खारट सेव आणि जिरावण मसाल्यावर मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत. इंदुरी माणसाकडून पोह्यांवरचं जिरावण सोडवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

कार्ल मे, व्हिक्टर मोंटोरी आणि फ्रान्सिस मेअर या तिघांनी 2009 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं, की आजाराइतकंच उपचारांचंही रुग्णावर ओझं असतं, आणि उपचार त्याच्या आयुष्यात बसतील असे हवेत. मला हे शंभर टक्के पटतं. तीन आजार, तीन डॉक्टर, आठ-दहा गोळ्या, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर. शिवाय तपासण्या आणि पथ्य. ही पूर्णवेळ नोकरी आहे, आणि आपण ती पंचाहत्तरीनंतर लावतो. एलिस स्वतः अर्ध्याहून अधिक आयुष्य मधुमेहासोबत जगले आणि 2007 मध्ये 93 व्या वर्षी गेले. शिस्त त्यांनी पाळली, पण ती स्वतःची म्हणून पाळली.

म्हणून माझं सांगणं असं. "घेतली का?" हा प्रश्न काही दिवस बंद करा. त्याऐवजी विचारा, "या सगळ्यांत जास्त त्रास कुठल्या गोळीचा होतो?" उत्तर लगेच मिळणार नाही. बापाला मुलासमोर लघवीबद्दल बोलायची सवय नसते, आईला तर त्याहून नसते. चक्कर येते, तोंड कोरडं पडतं, गोळी महाग आहे आणि मुलावर भार नको, अशी कारणं बाहेर यायला वेळ लागतो. कळल्यावर स्वतःच वेळ बदलू नका, गोळी तोडू नका. घरातली सगळी औषधं, अगदी वैद्यांची आणि गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. गेल्या वर्षी राजेंद्रनगरच्या एका आजींच्या पिशवीत एकच औषध दोन वेगळ्या नावांनी निघालं.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. काकांच्या चुकण्याला वार होते, वेळ होती. पण गोळ्या कधी सकाळच्या, कधी रात्रीच्या अशा कशाही राहत असतील, एकच गोळी दोनदा घेतली जात असेल, गॅस चालू राहत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर ते कारण मनात लपलेलं नसून स्मरणशक्तीचं असू शकतं. तिथे संवाद पुरत नाही. डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या, आणि तोवर गोळ्यांचा डबा घरातल्या एकाच माणसाने सांभाळा.