सोव्हिएत रशियात बंदी असलेली पुस्तकं लोक टाइप करून एकमेकांना देत, हे खरं आहे का? पकडलं तर काय व्हायचं?

हो, अगदी खरं आहे. रशियनमध्ये त्याला 'समिझदात' म्हणत, म्हणजे स्वतःच काढलेलं प्रकाशन. मॉस्कोहून येणारी स्वस्त आणि सुबक मराठी पुस्तकं लहानपणी आमच्याही घरात होती. त्याच देशात लोक रात्र रात्र जागून पुस्तकं टाइप करत होते, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मात्र आतून हलले, कारण तीस वर्षं मी टंकलेखिका होते.

आपल्याकडे आणीबाणीत भूमिगत पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघत. एक स्टेन्सिल कापली की शे-दोनशे प्रती सहज. तिथे असली यंत्रं सरकारी कचेऱ्यांत कडक पहाऱ्यात असत. सामान्य माणसाच्या हाती उरायचा टाइपरायटर, पातळ कागद आणि कार्बन. चार-पाच कागद एकावर एक लावून टाइप करताना कळ किती जोरात मारावी लागते, ते बोटांनाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. तळाच्या प्रतीत अक्षर इतकं पुसट उमटतं की 'घ' आणि 'ध' ओळखू येत नाहीत. कादंबरी म्हणजे अशी शेकडो पानं! ती एका रात्रीपुरती हाती यायची. घरातले सगळे गोल बसून एकेक पान पुढे सरकवत वाचायचे आणि सकाळी परत द्यायचे. ज्याला जमेल तो आणखी चार प्रती काढायचा.

स्टालिनच्या काळात तर कागदाचीच भीती होती. कवयित्री आन्ना आख्मातोवा 'रेक्विएम' या कवितेच्या ओळी चिठोऱ्यावर लिहून मैत्रिणीपुढे धरायची. लिदिया चुकोव्स्काया त्या मनात पाठ करायची आणि मग चिठोरा रक्षापात्रात जाळला जायचा. ती कविता सोव्हिएत देशात छापून आली ती थेट 1987 साली.

वासिली ग्रोसमन या कादंबरीकाराची हकीकत वाचताना मी थबकले. फेब्रुवारी 1961 मध्ये केजीबीची, म्हणजे गुप्त पोलिसांची, माणसं त्याच्या घरी आली आणि कादंबरीच्या हस्तलिखिताबरोबर कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबनीही घेऊन गेली. का, ते मला लगेच कळलं. एकदाच वापरलेला कार्बन उजेडासमोर धरला की सगळा मजकूर वाचता येतो. आमच्या कचेरीत गोपनीय पत्रांचे कार्बन म्हणूनच फाडून टाकायला सांगत. ग्रोसमन 1964 मध्ये वारला. लपवून ठेवलेल्या प्रतीची मायक्रोफिल्म बाहेर गेली आणि 1980 मध्ये कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली.

आता पकडलं तर काय. 1966 मध्ये सिन्याव्स्की आणि दानिएल या दोन लेखकांना टोपणनावानं परदेशात पुस्तकं छापली म्हणून अनुक्रमे सात आणि पाच वर्षं श्रमछावणीत धाडलं. त्याच वर्षी 190-1 हे नवं कलम आलं: व्यवस्थेची 'बदनामी' करणारा मजकूर तयार केला किंवा वाटला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सोव्हिएतविरोधी प्रचाराचं जुनं कलम 70 आणखी कडक होतं, सात वर्षांपर्यंत छावणी आणि वर पाच वर्षांपर्यंत हद्दपारी.

पण शिक्षा नेहमी कोर्टातूनच होत नसे. लेनिनग्राडच्या एलिझावेता वोरोन्यान्स्कायानं लेखक सोल्झेनित्सिनचं श्रमछावण्यांवरचं पुस्तक 'गुलाग द्वीपसमूह' टाइप केलं होतं. जवळची प्रत जाळून टाक असं सांगूनही तिच्यानं ते झालं नाही. ऑगस्ट 1973 मध्ये केजीबीनं तिची सलग पाच दिवस चौकशी केली, तेव्हा तिनं लपवल्याची जागा सांगितली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. मग सोल्झेनित्सिननं पॅरिसला छपाईचा निरोप धाडला आणि डिसेंबरात पुस्तक आलं. जाळायचं सोडून तिनं ती पानं का ठेवली, हे मला कुणी समजावून सांगायला नको. स्वतः टाइप केलेलं पान फाडतानाही हात अडखळतो.

दुसरी बाई नाताल्या गोर्बानेव्स्काया, कवयित्री. एप्रिल 1968 मध्ये तिनं 'चालू घडामोडींची बखर' म्हणता येईल असं टंकलिखित पत्र सुरू केलं. कुणाला अटक झाली, कुठे झडती झाली, छावणीत कोण उपोषणाला बसलंय, एवढंच, तेही एकही विशेषण न लावता. पुढे तिला वेडी ठरवून कझानच्या मनोरुग्णालयात कोंडलं. 1972 मध्ये ती सुटली. तोवर दुसऱ्यांनी पत्र चालू ठेवलं होतं आणि ते 1983 पर्यंत चाललं. पत्रावर पत्ता नसायचा. बातमी द्यायची तर अंक ज्यानं दिला त्यालाच सांगा, तो त्याला देणाऱ्याला सांगेल, असं पाचव्या अंकात लिहिलं होतं. साखळी स्वतः शोधत जाऊ नका, नाहीतर तुम्हाला खबऱ्या समजतील, असंही बजावलं होतं.

आणि मागच्या अंकात काही चुकलं असेल, तर त्याची दुरुस्ती पुढच्या अंकात यायची. बातमी हातोहात फिरत आलेली, कागद पुसट, दारावर कधीही थाप पडेल अशी परिस्थिती, आणि तरी कुणीतरी चूक शोधून ती नीट टाइप करत बसलेलं असायचं.