मिनेसोटात वॉलआय मासा पकडू पाहणाऱ्यांसाठी

मिनेसोटाच्या बहुतेक तलावांवर वॉलआयचा हंगाम मे महिन्याच्या मध्यास सुरू होतो. वय १६ किंवा अधिक असल्यास मासेमारीचा परवाना आधीच काढून ठेवावा. मिल लॅक्स तलावाचे नाव आपण ऐकलेच असेल, परंतु तो विस्तीर्ण आणि तुलनेने उथळ असल्याने वारा सुटताच लाटा झपाट्याने उसळतात, म्हणून लहान होडी घेऊन पहिल्याच वर्षी तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉलआयच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्यामुळे त्याला अंधुक उजेडात भक्ष्याहून चांगले दिसते, आणि म्हणूनच पहाटे, तिन्हीसांजेला किंवा ढगाळ हवेत, वाऱ्याच्या लाटा ज्या खडकाळ उतारावर आदळत असतील तेथे त्याचा शोध घ्यावा. दोरीला पाव औंसाहून हलका जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, बांधून त्यावर आमिष म्हणून जिवंत मिनो हा छोटा मासा लावावा, जिग तळाला टेकू द्यावा आणि मग सावकाश वीतभर उचलावा. नवखे लोक बहुधा घाई करतात. झेब्रा शिंपले या बाहेरून आलेल्या उपद्रवी जातीचा प्रसार रोखण्यासाठी तलाव सोडताना होडीतील पाणी सोडण्याचे बूच काढणे कायद्याने बंधनकारक आहे, तसेच उरलेले मिनो न्यायचे असल्यास त्यांचे पाणीही बदलावे लागते.