एमएसऐवजी ईएन २४ लावलं तरी पट्टी तेवढीच का लवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रेममधून ३०० मिमी बाहेर आलेल्या ४० × ६ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं नरम पोलाद) पट्टीच्या टोकावर १० किलोची, १४४० आरपीएमची मोटर बसवली आहे. पट्टी टोकाला सहा मिमी खाली जाते. म्हणून त्याच मापाची ईएन २४ ची (बळकट मिश्र पोलादाची) पट्टी आणून वेल्ड केली, तर तीही तेवढीच खाली गेली. माल खोटा निघाला का? मटेरियल निवडताना नेमके कोणते गुणधर्म बघायचे? आणि पडून असलेले बिननावाचे तुकडे कसे ओळखायचे?

माल खोटा असेलच असं नाही. ईएन २४ एमएसपेक्षा पुष्कळ बळकट आहे, पण तुम्हाला बळ कमी पडत नव्हतं, ताठपणा कमी पडत होता. मराठीत यासाठी दोन क्रियापदं आयती आहेत. भार काढल्यावर पट्टी परत सरळ झाली तर ती लवली होती. भार काढूनही तशीच राहिली तर ती वाकली. किती लवणार हे यंग्ज मॉड्युलस (मटेरियलचा स्वतःचा ताठपणा सांगणारा आकडा) आणि आकार ठरवतात. वाकायला कधी लागणार हे यील्ड स्ट्रेंथ ठरवते.

पोलादाचा यंग्ज मॉड्युलस २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपास असतो, मग ते एमएस असो, ईएन २४ असो, पाणी दिलेलं (लाल करून झटक्यात निववलेलं) असो की नरम. हा आकडा लोखंडाच्या अणूंमधल्या बंधांतून येतो. दोन-तीन टक्के निकेल-क्रोम घालून किंवा लाल करून तेलात बुडवून त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. यील्ड म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला लागण्याची वेळ. मिश्रधातू आणि उष्णता-प्रक्रिया त्या घसरण्यात अडथळे घालतात, म्हणून तो आकडा एमएसमध्ये २५० मेगापास्कलच्या आसपास, तर पाणी देऊन टेम्पर केलेल्या (पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी केलेल्या) ईएन २४ मध्ये ६५० च्या पुढे जातो.

तुमच्याच पट्टीचा हिशोब मांडतो. टोकाचं लवणं = भार × लांबीचा घन ÷ (३ × मॉड्युलस × आय). आय म्हणजे छेदाच्या आकारातून येणारा ताठपणाचा आकडा; सपाट पट्टीचा आय = ४० × ६ × ६ × ६ ÷ १२ = ७२० मिमी⁴. १० किलोचा भार १०० न्यूटन धरला तर लवणं ६.२५ मिमी, म्हणजे तुम्ही मोजलंत तेच. मुळाशी, म्हणजे फ्रेमकडच्या टोकाला, ताण १२५ मेगापास्कल, एमएसच्या यील्डच्या निम्मा. म्हणजे एमएस वाकण्याच्या जवळपासही नव्हतं. सूत्रात यील्ड स्ट्रेंथ कुठेच नाही, म्हणून ईएन २४ ने उत्तर बदललं नाही. त्याच मापाचं ॲल्युमिनियम (७० गिगापास्कल) लावलं असतं तर पट्टी जवळजवळ १८ मिमी लवली असती.

आता जाडी वाढवावी असं वाटेल, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. इथे एक खोच आहे. टोकावर वजन असलेल्या पट्टीची नैसर्गिक कंपनसंख्या (धक्का दिल्यावर ती आपणहून जितक्या वेळा हलते ती) सेकंदाला साधारण १५.८ ÷ √(मिमीमधलं लवणं) इतकी येते. तुमची मोटर सेकंदाला २४ फेरे घेते. १४ मिमी जाड पट्टी लावलीत तर लवणं अर्ध्या मिमीवर येईल, पण कंपनसंख्या २२.५ होईल, म्हणजे मोटरच्या अगदी शेजारी, आणि दोन्ही आकडे जुळत आले की थरथर वाढत जाते. अशी पट्टी आत्तापेक्षा जास्त थरथरेल. पट्टी उभी केली, म्हणजे ४० मिमीची बाजू उभी ठेवली, तर खाली फक्त ०.१४ मिमी लवेल, पण आडव्या दिशेला ती आत्ताइतकीच ढिली राहील.

म्हणून एमएसचाच ४० × ४० × ३ चा चौकोनी पाइप घ्या. आय एक लाखाच्या आसपास, लवणं मिमीच्या चार-पाच शतांश, कंपनसंख्या ७० च्या वर, आणि वजन तुमच्या पट्टीच्या दुपटीहूनही कमी. हा हिशोब मूळ पक्कं आहे असं धरून आहे. ज्या फ्रेमला पाइप जोडाल तो पत्रा पातळ असेल तर आता पाइपाऐवजी पत्रा लवेल, तेव्हा मागून एक जाड प्लेट द्या.

आणि वेल्ड केलेली ईएन २४ ची पट्टी काढूनच टाका, ती एमएसपेक्षा जास्त धोक्याची आहे. त्यात ०.४ टक्के कार्बन, शिवाय निकेल, क्रोम, मॉलिब्डेनम. वेल्डच्या कडेचा भाग तापतो आणि आजूबाजूच्या थंड धातूमुळे झटक्यात निवतो, म्हणजे त्याला नको तिथे पाणी बसतं. त्यात ओलसर रॉडमधून हायड्रोजन शिरला की वेल्डच्या काठाने केसासारखी चीर जाते, तीही कधी कधी दुसऱ्या दिवशी. अडीच-तीनशे अंशांपर्यंत आधी तापवणं, भट्टीत वाळवलेला ७०१८ सारखा लो-हायड्रोजन रॉड, आणि नंतर सावकाश निववणं हे सगळं केलं असेल तरच ते वेल्ड भरवशाचं. वर मोटरची थरथर म्हणजे चीर वाढायला रोजचं खाद्य.

बळ आणि ताठपणाखेरीज आणखी दोन शब्दांची गल्लत फार होते: टणक आणि चिवट. टणकपणा म्हणजे ओरखडा किंवा खळगा पडू न देणं. ब्रिनेलमध्ये पोलादावर १० मिमीची गोळी ३००० किलोच्या भाराने दाबून खळग्याचा व्यास मोजतात. पोलादापुरता एक उपयोगी मेळ म्हणजे ब्रिनेल आकडा गुणिले ३.४५ केला की अंतिम ताणबळ (ओढून तुटण्याआधीचा कमाल ताण) मेगापास्कलमध्ये अंदाजे मिळतं. तुकडा न तोडता बळाचा अंदाज घ्यायला हे पुरतं. चिवटपणा म्हणजे तुटण्यापूर्वी किती ऊर्जा गिळली. तो चार्पी चाचणीत कळतो: १० × १० × ५५ मिमीचा तुकडा, मधोमध २ मिमी खोल खाच, आणि लोलकाचा एक फटका. काच टणक आहे पण चिवट नाही. शिसं दोन्ही नाही. पाणी देऊन टेम्पर न केलेली छिन्नी टणक असते आणि पहिल्याच घावाला तिचा टवका उडतो. म्हणून पाणी दिल्यावर लगेच टेम्पर करायचं, आणि तीक्ष्ण कोपऱ्यांना आधीच गोलाई द्यायची, कारण तडा तिथूनच जातो.

चिवटपणा थंडीत घसरतो हे साध्या पोलादाबद्दल विसरलं जातं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत स्कनेक्टडी हे वेल्ड केलेलं नवं टँकर जहाज धक्क्याला बांधलेलं असताना, शांत पाण्यात दुभंगलं. ॲल्युमिनियम, तांबं आणि ३०४ जातीचं स्टेनलेस असं अचानक ठिसूळ होत नाही, म्हणून अतिथंड द्रवांच्या टाक्या त्यांच्या करतात.

आता प्रकार. पुस्तकं चार घराणी सांगतात: धातू, सिरॅमिक, पॉलिमर, कंपोझिट. पाठ करायला ठीक, पण प्रत्येक घराणं कसं निकामी होतं हे लक्षात ठेवणं जास्त कामाचं.

धातू सहसा आधी सूचना देतात. एमएसचा तुकडा यूटीएमवर (ओढून तोडण्याच्या चाचणी-यंत्रावर) ओढताना यील्डला डायलवरचा काटा थबकतो, जरा मागे येतो, तुकड्यावरची काळी खपली सुटते. मग तुकडा बराच लांबतो, मध्ये कंबर पडते आणि एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला सुळका असा तुटतो. करडं बीड यातलं काहीच करत नाही. लांबणं एक टक्क्याहूनही कमी, आणि खटकन सपाट तुटणं. आतले ग्राफाइटचे पापुद्रे म्हणजे मुळातच असलेल्या चिरा. पण दाबात त्या चिरा मिटतात, म्हणून बिडाचं दाबातलं बळ ताणातल्यापेक्षा तीन-चार पट असतं. तेच पापुद्रे कंपन गिळतात, म्हणून लेथचा बेड बिडाचा. मॅग्नेशियम टाकून ग्राफाइटचे गोळे केले की एसजी आयर्न होतं, आणि त्याच्या नरम जाती १५ टक्क्यांपेक्षा जास्त लांबतात.

स्टेनलेसला लोक सर्वगुणसंपन्न समजतात. नरम ३०४ ची यील्ड एमएसपेक्षाही थोडी कमीच, २०५ च्या आसपास. भोक पाडताना ड्रिल नुसता घासला तर पृष्ठभाग टणक होऊन बसतो आणि मग ड्रिल जळतो. फेरे कमी, दाब जास्त, थांबायचं नाही. स्टेनलेस नट-बोल्ट कोरडे आवळले तर आटे एकमेकांना चिकटून कायमचे बसतात, म्हणून अँटी-सीझ लावा. क्लोराइड असेल तिथे ३०४ ला टाचणीसारखी भोकं पडतात. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्यावं.

सिरॅमिकबद्दल एवढंच की दाबात उत्तम, ताणात आणि धक्क्यात बेभरवशाचं. ते बसवताना बोल्ट थेट आवळू नका, मध्ये नरम वॉशर हवा. कंपोझिटमध्ये आकडा कुठल्या दिशेचा आहे हे आधी विचारा. तंतूच्या दिशेचं बळ आडवं मिळत नाही, आणि मागे लाकडाचा आधार न देता भोक पाडलं की थर सुटतात.

पॉलिमरमध्ये फसगत सर्वांत जास्त, कारण माणसं त्यांना हलका धातू समजतात. नायलॉनचा मॉड्युलस कोरड्यात ३ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे पोलादाच्या मॉड्युलसचा सत्तरावा हिस्सा. नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी पितं, फुगतं आणि मऊ पडतं. नायलॉनचा बुश पंपात जाम होण्याचं नेहमीचं कारण हे. पाण्यात ॲसिटल (पाणी फारसं न पिणारं प्लास्टिक) वापरा. तापमानानेही फरक पडतो: ५० मिमीचा नायलॉनचा भाग ३० अंश तापला तर साधारण ०.१२ मिमी वाढतो, पोलादाचा ०.०२ सुद्धा नाही. धातूच्या सवयीने ठेवलेली फट इथे पुरत नाही. शिवाय क्रीप, म्हणजे भार तोच राहूनही माप हळूहळू सरकत राहणं. टेफ्लॉनचं गास्केट आज घट्ट आवळलं तरी काही दिवसांत दाबून पसरतं आणि बोल्ट सैल होतो.

तक्त्यातल्या यील्डवर भरवसा ठेवून शाफ्ट मोडतात ते थकव्यामुळे, म्हणजे फटीगमुळे. मोडलेलं तोंड बघा. एका बाजूला गुळगुळीत भाग आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कडा, दुसऱ्या बाजूला खडबडीत, ताजा भाग. कडा जिथून सुरू होतात तिथे बहुतेक वेळा चावीच्या खाचेचा कोपरा, पायरीवरची तीक्ष्ण कड किंवा टूलचा ओरखडा सापडतो. गुळगुळीत भाग मोठा आणि खडबडीत लहान असेल तर भार कमी होता, दोष कोपऱ्याचा. तिथे महाग पोलाद आणण्यापेक्षा दोन-तीन मिमीची गोलाई जास्त काम करते. घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या पोलादाला अंतिम बळाच्या साधारण निम्म्यापर्यंतचा उलटसुलट ताण कितीही फेरे चालतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही.

राहिले तुमचे बिननावाचे तुकडे. आधी चुंबक. ३०४ ला तो सहसा चिकटत नाही, पण वाकवलेल्या कडेला किंचित ओढ लागते, त्यावरून माल नकली ठरवू नका. मग कानस. कानस नुसती घसरली तर पाणी दिलेला तुकडा आहे. मग ग्राइंडर, जरा अंधारात आणि गॉगल लावून. एमएसच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या, फाटे कमी. कार्बन जास्त तशा त्या लवकर फुटून चांदण्या होतात. बिडाच्या आखूड आणि लालसर. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्या ठिणग्या उडत नाहीत, आणि ते घासले की दगडाची छिद्रं बुजून तो तापतो, म्हणून ते दगडाला लावूच नका. तांबूस-पिवळा किंवा पांढरा धातू असेल तर वजन करा, पाण्यात बुडवून आकारमान काढा आणि ग्रॅमला घन सेंमीने भागा: ॲल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५, पितळ ८.५ च्या आसपास, तांबं ८.९. प्लास्टिक पाण्यात तरंगलं तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि ॲसिटल बुडतात. जाळून वास घेण्याची युक्ती बरेच जण सांगतील, ती करू नका. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ॲसिटलमधून फॉर्माल्डिहाइड.

ईएन ८ (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) की ईएन २४ हे मात्र ठिणगीवरून सांगणारा माणूस बहुधा अंदाजच सांगत असतो. हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) यंत्र निकेल-क्रोम लगेच दाखवतं, पण त्याला कार्बन दिसत नाही. म्हणून ईएन २४ ओळखता येईल, पण एमएस आणि ईएन ८ मधला फरक खात्रीने हवा असेल तर लॅबमधल्या स्पार्क स्पेक्ट्रोमीटरसारखं कार्बन मोजणारं यंत्र लागतं. पुढच्या वेळी बार आणाल तेव्हा ग्रेड आणि हीट नंबर (माल भट्टीच्या कोणत्या घाण्यातला ते सांगणारा) टोकावर पंच करून घ्या, आणि कापायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा.