जबल-ए-नूर : आईला चढवायचं असेल तर बसच्या वेळेवर जाऊ नका

'64 वर्षांच्या आईला उमऱ्याला नेतोय, टूरच्या यादीत जबल-ए-नूरची जियारत आहे, तिला गारे-हिरापर्यंत चढवू का?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. आमच्याही यादीत अगदी हेच शब्द होते. (उमरा म्हणजे मक्केची हजपेक्षा छोटी यात्रा, जबल-ए-नूर हा मक्क्यातला डोंगर, गारे-हिरा ही त्यावरची गुहा, आणि जियारत म्हणजे पवित्र जागेची भेट.)

व्हिसा, लसी, सामान यावर लिहीत नाही, ते तुम्ही केलंच असणार. एकच सांगतो, टूरच्या बसमधून उतरून हा डोंगर चढू नका.

आमची बस सकाळी दहाला पायथ्याशी थांबली. महिना मे. सोबतचा माणूस म्हणाला, "दीड तासात परत या, अर्ध्या तासात वर पोचाल." मी अम्मीला बसमध्येच बस म्हणालो, तर ती म्हणाली, "पैगंबर साहेबांच्या (स.) पत्नी बीबी खदीजा पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्यासाठी जेवण घेऊन इथं चढायच्या. मला रिकाम्या हातांनी जमणार नाही का?" त्यावर मी काय बोलणार?

हजाराच्या वर पायऱ्या, त्याही सारख्या उंचीच्या नाहीत. सावली जवळजवळ नाहीच. मी सारखा घड्याळ बघत होतो आणि अम्मीला हात धरून ओढत होतो. तिला दर वळणावर बसू दिलं असतं तर दोन तास लागले असते, पण गुडघे वाचले असते. ही चूक माझीच.

गुहा माथ्यावर नाही हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माथा ओलांडून पलीकडे थोडं उतरायचं, मग कातळांच्या फटीतून अंग चोरून जायचं. आतली जागा पावणेचार मीटरही लांब नाही, रुंदी दीड मीटरच्या आसपास. 610 साली रमजानात देवदूत जिब्रील पहिल्यांदा 'इक्रा' ('वाच') हा संदेश घेऊन आले ते इथं. फटीपाशी मोठी रांग होती आणि बसची वेळ होत आली होती. अम्मीने वरूनच सलाम केला आणि आम्ही फिरलो.

अम्मीच्या गुडघ्यांचा खरा घात उतरताना झाला. दुसऱ्या दिवशी मक्क्याच्या पवित्र हद्दीबाहेर तन्ईमला मस्जिद-ए-आयशात जाऊन इहराम बांधायचा होता, म्हणजे नवा उमरा सुरू करायचा होता. तो अब्बांच्या नावाचा उमरा होता, आणि सफा-मरवा या दोन टेकड्यांमधले सातही फेरे त्यांच्यासाठी स्वतःच्या पायांनी चालायचे असं अम्मीने चार वर्षं मनात धरलं होतं. सई, म्हणजे हे फेरे, व्हीलचेअरवर झाली. उमरा अदा झाला, त्याबद्दल शंका नाही. पण चाकाच्या खुर्चीत बसून ती पूर्ण वेळ रडत होती.

घरी आल्यावर टूरच्या ऑफिसात गेलो. उत्तर मिळालं, "जियारत म्हणजे लांबून बघणं, चढायला आम्ही कुठं सांगितलं?" मग दीड तास कशासाठी दिला होता? अजून आठवलं की जीव जळतो. तुमच्या टूरवाल्याकडून बस किती वेळ थांबणार ते लिहून घ्या.

मी मौलाना नाही, डॉक्टरही नाही. गुडघ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण माझं मत स्पष्ट आहे. हा डोंगर हजचा भाग नाही, उमऱ्याचाही नाही. आईचे पाय आधी तवाफ (काबाभोवतीचे फेरे) आणि सईसाठी राखा. सगळे उमरे झाले की मक्क्यातल्या शेवटच्या दिवसांत, फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर लगेच किंवा इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर, स्वतःची टॅक्सी करून जा. हरमपासून, म्हणजे काबाच्या मशिदीपासून, चारेक किलोमीटरच आहे. जुमा (शुक्रवार) टाळा. मक्क्यातला दुसरा डोंगर जबल-ए-सौर ह्याच्यापेक्षा उंच आहे, तिथं आईला नेऊच नका.

चढणं झेपत नसेल तर पायथ्याशी 2023 पासून वह्यीच्या (पैगंबरांना आलेल्या ईश्वरी संदेशाच्या) इतिहासाचं प्रदर्शन आहे, ते निवांत दाखवा. वर गेलात तर खाऊची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका, माकडं ओढतात. काठी घ्या. आणि उतरताना आईच्या एक पायरी पुढे तुम्ही राहा, म्हणजे तिला तुमच्या खांद्यावर हात ठेवता येईल.