ऑक्झिलरी व्ह्यू काढताना अंतरं कुठून उचलायची? आणि कॅड असताना हे हाताने शिकायचं कशाला?

ऑक्झिलरी व्ह्यू म्हणजे कललेल्या पृष्ठभागाकडे काटकोनात बघून काढलेला व्ह्यू, त्यात त्याचा खरा आकार दिसतो. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि पहिला बाजूलाच राहिला. 'शिकायचं कशाला' याचं उत्तर माझ्याकडे बिडाच्या चोवीस कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) रूपात आहे.

1993 साल. डिप्लोमा संपवून मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला मार्किंगवर, म्हणजे होलांच्या जागा आखायच्या कामावर लागलो होतो. सरफेस प्लेटवर जॉब घ्यायचा, खडू फासायचा, हाइट गेजने रेघ मारायची, सेंटर पंच ठोकायचा. एक दिवस ब्रॅकेटचा लॉट आला. त्याला 30 अंशात कललेला गोल फ्लँज (जोडणीची चपटी चकती), 120 मिलिमीटर व्यासाचा, त्यावर चार होलं. ड्रॉइंगवर फ्रंट व्ह्यू (समोरून) आणि टॉप व्ह्यू (वरून), बस. टॉप व्ह्यूमध्ये तो फ्लँज अर्थातच लंबगोल दिसत होता आणि होलांमधली अंतरं त्याच व्ह्यूवर टाकलेली: उताराच्या दिशेने 52, आडवी 60.

मी एकदा ड्रॉइंगकडे बघितलं, एकदा जॉबकडे. समोर फ्लँज चांगला गरगरीत गोल, आणि त्यावर होलं 52 बाय 60 च्या आयतात? खटकलं म्हणून प्रिंट घेऊन वर गेलो. ड्रॉइंगवाले साहेब चहा पीत होते. म्हणालो, "साहेब, याला ऑक्झिलरी व्ह्यू पाहिजे होता." ते म्हणाले, "कॉलेज संपलं नव्हं तुझं? ऑक्झिलरी व्ह्यू परीक्षेपुरता. शॉपमध्ये दोन व्ह्यूवर काम चालतं. लिहिलंय तेवढं मार." मारलं.

होलांमधलं खरं अंतर दोन्हीकडे 60 होतं. 30 अंशाचा उतार वरून बघितला की त्या दिशेचं माप 0.866 पटीने आखडतं, म्हणजे 60 चं 51.96 होतं. साहेबांनी टॉप व्ह्यू अगदी बरोबर प्रोजेक्ट केला होता, रेघेत खोट नव्हती. पण नंतर त्याच आखडलेल्या चित्रावर पट्टी ठेवून 52 वाचलं आणि लिहून टाकलं. मी ते 52 खऱ्या उतारावर मारलं. प्रत्येक होल 4 मिलिमीटर आत सरकलं. 11 च्या होलात 10 चा स्टड (आट्यांचा दांडा), त्यात 4 ची चूक कुठून खपणार? कानशीने घासून होलं लांबट करून बघितली, गिऱ्हाइकाने सगळा लॉट परत पाठवला. ठपका मार्किंगवर आला आणि तीन महिने माझ्या पगारातून पैसे कापले गेले. 'पोरगं नवीन आहे, वाचता येत नाही ड्रॉइंग' हे साहेबांचं वाक्य मी टपरीवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

त्या ड्रॉइंगची अमोनिया प्रिंट मी पंचवीस-सव्वीस वर्षं जपून ठेवली होती. 2019 च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेसकट गेली, नाहीतर इथे फोटोच लावला असता.

आता कॅडचं, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगचं. सॉफ्टवेअर उतारावरची कड निवडली की क्षणात ऑक्झिलरी व्ह्यू काढून देतं, मान्य. पण तो कुठे लागतो हे ते सांगत नाही. टॉप व्ह्यूवर डायमेन्शन टाकलंत तर निमूटपणे 51.96 देतं. असा विचित्र आकडा दिसला की हात थांबला पाहिजे, कारण शहाणा माणूस होलांचं अंतर 51.96 ठेवत नाही. माझ्या शॉपमध्ये येणारी पोरं काय करतात? दशांश बंद करतात, की झालं 52! पट्टीवाले साहेब आणि ही पोरं, यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही.

तुमचा पहिला प्रश्न. उतार ज्या व्ह्यूमध्ये नुसती एक रेष दिसतो तो व्ह्यू धरा, बहुतेक वेळा फ्रंट. त्या रेषेला समांतर नवी एक्सवाय (जुनी म्हणजे फ्रंट आणि टॉप यांच्यामधली आधाररेषा) घ्या आणि रेषेवरच्या बिंदूंमधून तिला काटकोनात प्रोजेक्टर, म्हणजे बारीक रेषा टाका. अंतरं टॉप व्ह्यूमधून घ्यायची, जुन्या एक्सवायपासून मोजून, आणि तीच नव्या एक्सवायपासून पलीकडे टाकायची. ज्या व्ह्यूमधून प्रोजेक्टर निघाले त्यातून अंतर कधीच घ्यायचं नाही, बहुतेक पोरं तिथेच घसरतात. प्लेन उभं पण व्हीपीला (समोरच्या उभ्या प्रतलाला) कललेलं असेल तर उलट: प्रोजेक्टर टॉपमधून, उंच्या फ्रंटमधून. पृष्ठभाग दोन्हीकडून तिरका असेल तर एका ऑक्झिलरीने भागत नाही, आधी त्याची रेष करायची आणि मग खरा आकार. ते इथे लिहीत बसत नाही.

आणि शॉपसाठी काढताना अख्खा जॉब त्या व्ह्यूमध्ये कोंबू नका. फक्त कललेला फेस काढा, ब्रेक लाइन (तोडल्याची रेघ) मारून बाकीचं सोडून द्या. कॉलेजात मी असं केलं तेव्हा 'अर्धवट' म्हणून मार्क कापले होते. तुमच्या पेपरात पूर्ण मागितला असेल तर मुकाट्याने पूर्ण काढा, तिथे माझं ऐकू नका.

एक राहिलं. त्या ब्रॅकेटवर बसणारा जोडीचा फ्लँज तेव्हा शॉपमध्येच, रॅकच्या खालच्या फळीवर पडलेला होता. पहिल्या कास्टिंगवर ठेवून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी रागाच्या भरात चोवीसच्या चोवीस मारून मोकळा झालो.